दहा नंबरची जांभळी फाइल

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे. हे ऐकून लगेच कपाटाकडे बघू नका. कागद ठेवायच्या फायली वेगळ्या. त्या लठ्ठ असतात आणि वर्षानुवर्षं एका जागी बसून धूळ खातात. मी दाताच्या डॉक्टरांची फाइल. बोटाच्या एका पेराएवढी लांब पोलादी सुई, टोकाशी केसाइतकी बारीक, अंगावर स्क्रूसारखे आटे आणि वर धरायला जांभळी प्लास्टिकची मूठ. मुठीवर दहाचा आकडा आहे. तो आता अर्धा पुसला गेलाय, पण मला माझा नंबर पाठ आहे.

माझं काम सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. दात किडत किडत कीड आतल्या नसेपर्यंत पोचली की ठणका लागतो. तुमच्यापैकी कुणाला तो लागला असेल, तर मी जास्त सांगायला नको. असा दात उपटायचा नसेल तर त्याच्या मुळातली बारीक नळी आतून साफ करावी लागते, थोडी रुंद करावी लागते आणि मग भरून टाकावी लागते. मोठी माणसं गाल धरून ‘रूट कॅनाल करून आलो’ म्हणतात, ते हेच. त्या नळीत सगळ्यांच्या आधी शिरते ती मी. नळ्या सरळ असत्या तर कुणीही हे काम केलं असतं. पण दाढांची मुळं खाली जाता जाता हमखास वळतात. काही जराशी वळतात, काही चक्क मासे धरायच्या गळासारखी.

माझा जन्म कारखान्यातला. आधी मी नुसती तार होते. मला घासून चौकोनी केलं, मग एक टोक घट्ट धरून दुसरं पिळलं. दुखलं का, असं विचाराल तर दुखलंच. पण त्या पिळण्यातूनच माझ्या अंगावर आटे उमटले, आणि आट्यांशिवाय मला कुणी विचारलं नसतं. एका बाईंनी भिंगातून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पास केलं. मग चपट्या डबीत आम्ही सहा बहिणी शेजारी शेजारी झोपलो, सगळ्या जांभळ्या, सगळ्या दहा नंबरच्या. डबी उघडली ती डॉक्टरांच्या दवाखान्यात.

दवाखाना घराच्याच तळमजल्यावर होता. बाहेरच्या खोलीत बाकं आणि एक घड्याळ, आतल्या खोलीत खुर्ची, खुर्चीवर वाकलेला दिवा आणि खिडकीपाशी हात धुवायचं बेसिन. वर डॉक्टरांचं बिऱ्हाड. वरून भांडी पडल्याचा आवाज आला की खुर्चीतला पेशंट दचकायचा आणि डॉक्टर म्हणायचे, “घाबरू नका, ते आमच्या स्वयंपाकघरातलं आहे. तुमच्या दातातलं नव्हे.”

पहिल्या दिवसाची गोष्ट मला अजून आठवते. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरून मुळाचं वळण बघून घेतलं. मग मला दोन बोटांत धरून माझं टोक अगदी तस्संच वाकवलं. मी घाबरले. इतकी घासूनपुसून सरळ केलेली मी, आणि हे मला वाकडी करतायत! पण त्यात शहाणपण होतं. वळणदार नळीत सरळ सुई ढकलली की पोलादाचा हट्टी स्वभाव उफाळून येतो. त्याला सरळच जायचं असतं. ते वळणावर बाहेरची भिंत खरवडतं आणि तिथं एक बारीकशी पायरी तयार होते. एकदा पायरी झाली की मागून येणारी प्रत्येक फाइल तिथंच धडकते. पुढची वाट असते, पण सापडत नाही.

माझ्या अंगावर एक रबरी चकती असते. तिच्या काठाला खाच असते. माझं टोक ज्या बाजूला वाकलंय त्या बाजूला ती खाच फिरवून ठेवायची. कारण मी दातात शिरले की टोक कुणालाच दिसत नाही, चकती तेवढी दिसते. खाच जिकडे, वळण तिकडे. मग डॉक्टर मला हलकेच आत सोडत आणि जुन्या मनगटी घड्याळाला किल्ली देतात तशी फिरवत, जरा इकडे, जरा तिकडे. जोर म्हणून नाही. वळण जवळ आलं की ते पेशंटला बजावत, “आता दोन मिनिटं गप्पा बंद.” तोंड आ वासून पडलेला तो बिचारा जणू गप्पाच मारत होता! मग ते डोळे मिटत. डोळे मिटून, दोन बोटांच्या चिमटीतून, माझ्या टोकाशी काय चाललंय ते त्यांना कळायचं. मित्रांनो, इतकं मन लावून माझं ऐकणारं दुसरं कुणी मला पुढे भेटलं नाही.

दवाखान्यात मदतीला मावशी होत्या. हत्यारं धुणं, ऑटोक्लेव्हच्या वाफेत निर्जंतुक करणं, पाकिटं करणं, सगळं त्यांच्याकडे. त्या नव्या आल्या तेव्हाची गंमत सांगते. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशीच्या दाढांसाठी दोन डझन फायली मुळं बघून बघून वाकवून ठेवल्या होत्या. मावशींनी त्या पाहिल्या, कपाळाला हात लावला आणि चिमटा घेऊन बसल्या. कुत्र्याचं शेपूट काही केल्या सरळ होत नाही म्हणतात. आमची दोन डझन शेपटं मावशींनी एका दुपारी सरळ केली.

“सगळ्या वाकल्या होत्या डॉक्टरसाहेब,” त्या कौतुकाच्या आशेनं म्हणाल्या. “एकही वाकडी सोडली नाही.”

डॉक्टर क्षणभर त्या ताटलीकडे बघत राहिले आणि मग असे हसले की बाहेरच्या बाकावरचा पेशंट उठून दारात आला. रागावले मात्र नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी एक शिस्त लावून घेतली. फाइल तोंडात नेण्याआधी ते स्वतःशीच मोठ्यानं विचारत, “वळण कुठं? खाच कुठं?” आणि डोळ्यांनी खात्री केल्याशिवाय पुढे जात नसत.

मी अकरा दाढा केल्या. अकराव्या दाढेनंतर डॉक्टरांनी मला भिंगाखाली धरलं. माझा एक आटा किंचित उलगडला होता. आम्हा हाताच्या फायलींचा हा एक गुण माना: मोडायच्या आधी आम्ही अशी खूण देतो. “हिला आता पेशंटच्या तोंडात घालायचं नाही,” डॉक्टर म्हणाले. माझ्या बहिणी एकेक करून आधीच टाकाऊ सुयांच्या डब्यात गेल्या होत्या. मीही गेलेच असते, पण त्याच सुमारास डॉक्टरांच्या मुलीला सरावासाठी फाइल हवी होती.

ही मुलगी लहानपणी एका जागी पाच मिनिटं बसत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. पुढे ती दाताच्या कॉलेजात गेली तरी नाव तेच चिकटलं. डॉक्टरांनी तिच्यासाठी काढून टाकलेल्या दाढा प्लास्टरच्या ठोकळ्यांत बसवून ठेवल्या होत्या. सुटीच्या दिवशी बापलेक खिडकीपाशी बसत, आणि मी तिच्या हातात असे. सुरुवातीला तिनं माझे फार हाल केले.

“बाबा, पुढे जातच नाहीये,” ती वैतागून म्हणे.

“कशी जाईल? तू नळी सोडून भिंत खणतेयस.”

“मग काय करू?”

“बाहेर ये. परत वाकव. वळणावर घाई करायची नाही.”

ती बाहेर येई, मला परत वाकवी, आणि पुन्हा भिंत खणे. डॉक्टर पुन्हा तेच सांगत. एका दुपारी मी तिच्या बोटांतून वळण घेतलं आणि सुळकन तळाला पोचले. भिंगरी ओरडलीच. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत सुखाचे दिवस होते. दातांत हिंडण्यापेक्षाही त्या खिडकीपाशी मला बरं वाटायचं.

मग भिंगरी शिकून मोठी झाली, बाहेर कुठं कुठं नोकरी केली आणि काही वर्षांनी बापाच्या दवाखान्यात परत आली. येताना तिनं मशीन आणलं. जाड पेनासारखं एक हत्यार, त्याला छोटी मोटर, आणि पुढे लावायच्या चकचकीत फायली. बटण दाबलं की फाइल घरघर करत आपोआप गोल फिरे.

“भिंगरीनं भिंगरी आणली!” मावशी म्हणाल्या.

त्या नव्या फायली पोलादाच्या नव्हत्या. निकेल आणि टायटॅनियम या दोन धातूंच्या होत्या. त्यांना कितीही वाकवा, सोडलं की पुन्हा सरळ. आणि वळणदार नळीत शिरल्या की मुकाट्यानं नळीसारख्या वळत. हट्ट नावालाही नाही. खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट झाला. आम्ही जन्मभर वाकवून घ्यायचं आणि या बयांना ते आयतंच!

“हातानं करायची ती चव नाही त्याला,” डॉक्टर म्हणाले.

“बाबा, चवीचं राहू द्या. मोजून बघू या,” भिंगरी म्हणाली.

मग खरोखरच मोजायचं ठरलं. काढून टाकलेल्या दाढांतली जवळजवळ सारख्या वळणाची वीस मुळं निवडली. दहा मुळं डॉक्टरांनी हातानं करायची, दहा भिंगरीनं मशीननं. आधी एक्स-रे, नंतर एक्स-रे. नळीची आधीची आणि नंतरची रेघ पातळ कागदावर काढायची आणि खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून बघायची. कोणी मूळ वळण राखलं आणि कोणी बिघडवलं, ते लगेच दिसणार. मावशी घड्याळ लावून बसल्या. डॉक्टरांनी मला आणि माझ्याहून जाड अशा काही पांढऱ्या, पिवळ्या फायलींना घेतलं.

आणि चौथ्या मुळात ते घडलं, जे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वळणावर डॉक्टरांनी डोळे मिटले, आणि त्यांच्या चिमटीतून माझ्या अंगात एक बारीक थरथर उतरली. दोन क्षण राहिली आणि गेली. सहाव्या मुळात पुन्हा आली. इतक्या वर्षांत त्या बोटांतून मला असलं काही कधी जाणवलं नव्हतं. डॉक्टरांनी डोळे उघडले. त्यांनी भिंगरीकडे चोरून बघितलं. ती आपल्या मशीनमध्ये गुंतली होती.

निकाल खिडकीच्या काचेवर लागला. मशीनला एका मुळाला सात-आठ मिनिटं लागली होती, हाताला जवळजवळ अर्धा तास. मशीनच्या दहापैकी नऊ नळ्यांत दोन्ही रेघा एकमेकींवर छान बसल्या. दहाव्या नळीत मशीनची फाइल काही सूचना न देता कटकन मोडली आणि तुकडा आतच राहिला. हाताच्या दहापैकी चार नळ्या वळणावर सरळ झाल्या होत्या, एकीत तर चांगली पायरी होती. भिंगरीनं वहीत लिहिलं, ‘पोलादी फाइल वळण सरळ करते. आधी हातानं बारीक वाट काढावी, मग मशीन घालावं. तरच मशीनची फाइल मोडत नाही.’ दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण त्या चार नळ्यांतला दोष नुसत्या पोलादाचा नव्हता. तरी खापर माझ्या डोक्यावर फुटलं, आणि डॉक्टरांनी ते फुटू दिलं.

“जिंकलीस बाई,” ते म्हणाले आणि हात खिशात घालून वर गेले.

त्यानंतर रोज सकाळी, मावशी यायच्या आधी, डॉक्टर एकटे खाली येत. माझी डबी उघडत, एक ठोकळा पुढे ओढत आणि मला धरून बसत. ते सराव करत नव्हते. ते हात तपासत होते. काही दिवस हात शांत असे, मग ते शीळ घालत जिना चढत. काही दिवस थरथर थांबत नसे, मग ते मला तसंच धरून बराच वेळ खिडकीबाहेर बघत. पुढे पुढे शीळ कमी होत गेली. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरू लागले आणि म्हणू लागले, “काय थंडी पडलीय!” त्यांची थंडी ऐन उन्हाळ्यातही पडायची. औषधांच्या चिठ्ठ्या भिंगरीकडून लिहून घेऊ लागले, म्हणे तिचं अक्षर चांगलं आहे. भिंगरीचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! तिला आपलं कौतुक झालंय असं वाटलं, आणि ती खूश होऊन लिहीत राहिली.

अवघड दाढा ते आता तिच्याकडे सोपवत. असं दीड वर्ष निभावलं. मग आक्का आल्या.

आक्का म्हणजे डॉक्टरांची थोरली बहीण, भिंगरीची आत्या. आई लवकर गेल्यावर आक्कांनीच डॉक्टरांना वाढवलं होतं. त्यांच्या जबड्याची डावी बाजू ओस पडली होती आणि उजवीकडच्या खालच्या एका दाढेवर सगळा कारभार चालला होता. नेमकी तीच दाढ ठणकत होती. ती गेली असती तर कवळीशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि कवळीचं नाव काढलं तरी आक्का चिडायच्या. “समोरच्या बाईसारखे दात काढून वाटीत ठेवू? मेले तरी नाही!” एक्स-रेमध्ये मूळ गळासारखं वळलेलं होतं.

“मी करते आत्या,” भिंगरी म्हणाली.

“तू नको. आणि ती घरघर तर मुळीच नको. माझ्या भावाचा हात आहे ना अजून?”

डॉक्टरांनी तेव्हाच सांगायला हवं होतं. माझ्या डबीचं झाकण उघडं होतं आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते म्हणाले, “बस आक्का. मी करतो.”

भिंगरीनं आत्याला कसंबसं पटवून नळीचं वरचं तोंड मशीननं रुंद करून दिलं. मग डॉक्टर पुढे झाले. त्यांनी नवी दहा नंबर घेतली, माझी धाकटी बहीणच म्हणा, आणि तिचं टोक वाकवलं. चकतीची खाच फिरवली. तेवढ्यात हात थरथरला आणि चकती आणखी थोडी फिरली. रोज ‘वळण कुठं, खाच कुठं’ विचारणारा माणूस त्या दिवशी काही विचारू शकला नाही, कारण त्याचं सगळं लक्ष स्वतःचा हात लपवण्यात होतं. खाच एका बाजूला, टोक दुसऱ्या बाजूला. फाइल वळणावर पोचली, अडली, आणि डॉक्टरांनी जे आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. जोर दिला.

पुढच्या एक्स-रेमध्ये फाइल तळाच्या दोन मिलिमीटर वरच थांबलेली दिसली. पायरी झाली होती.

“झालं?” आक्कांनी बधिर तोंडानं विचारलं.

“नाही गं. वाट अडलीय. गुरुवारी परत ये. खालपर्यंत साफ झालं नाही, तर मात्र दाढ काढावी लागेल.”

“त्या घरघरीनंच वाट लावली!” आक्का कडाडल्या. “तरी मी सांगत होते, मशीन लावू नका म्हणून!”

भिंगरीचा चेहरा पांढरा पडला. डॉक्टरांनी तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. आक्का गाल धरून निघून गेल्या.

पुढचे दोन दिवस दवाखान्यात घरघर ऐकू आली नाही. भिंगरीनं मशीन खोक्यात भरून कपाटावर ठेवून दिलं. “वरचं तोंड उघडताना माझंच काहीतरी चुकलं असणार, मावशी,” ती म्हणाली. “आत्याची शेवटची दाढ होती हो.” डॉक्टर बेसिनपाशी पाठमोरे उभे होते. नळ वाहत होता आणि ते हात धुतच होते, केव्हाचे.

बुधवारी सकाळी ते खाली आले तेव्हा एकटे नव्हते. त्यांनी भिंगरीला हाक मारून आणलं होतं. ती डोळे चोळत स्टुलावर बसली. डॉक्टरांनी मला डबीतून काढलं, ठोकळ्यातल्या दाढेत सोडलं आणि मुठीची खालची बाजू चिमटीत धरली.

“वरून तू धर,” ते म्हणाले.

“काय झालं बाबा?”

“धर तर खरी. आणि डोळे मीट.”

तिनं धरलं. माझ्या एका टोकाला बाप आणि दुसऱ्या टोकाला लेक. आणि ती थरथर माझ्यातून तिच्या बोटांत गेली. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते.

“कधीपासून?”

“दीड वर्ष झालं. आक्काची पायरी मी पाडली, भिंगरे. तुझं काही चुकलेलं नाही. मला परवाच बोलायला हवं होतं. तोंडच उघडलं नाही माझं.”

“आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर खुर्ची सोडावी लागली असती.”

भिंगरीनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. मग नाक पुसून ती म्हणाली, “ते आपण नंतर बघू. आधी ती पायरी चुकवायची कशी ते सांगा. उद्या गुरुवार आहे.”

डॉक्टरांनी तिच्याकडून ठोकळ्यातल्या एका दाढेत मुद्दाम पायरी पाडून घेतली. मग तिला मला वाकवायला लावलं. एरवीसारखं सबंध टोक नव्हे, अगदी शेवटचा कणभर भाग, आणि तोही झटक्यात. “आता आत सोड. अडली? दाबू नकोस. जरा वर घे, खाच थोडी फिरव, परत टेकव. आंधळा माणूस काठीनं दार शोधतो तसं.” तिनं टेकवलं, वर घेतलं, फिरवलं. किती वेळा ते मी मोजलं नाही. वर बिऱ्हाडात दूध उतू गेल्याचा वास आला तरी कुणी उठलं नाही. अखेर माझं टोक पायरीच्या कडेवरून घसरलं आणि खऱ्या वाटेला लागलं. भिंगरीला ते बोटांत कळलं. मला ते तिच्या श्वासावरून कळलं.

“आता मागे येऊ नकोस,” डॉक्टर पुटपुटले. “तिथंच बारीक बारीक हलव. पायरी घासून जाऊ दे.”

गुरुवारी आक्का खुर्चीत बसल्या आणि त्यांनी भिंगरीकडे बघून तोंड घट्ट मिटून घेतलं. डॉक्टर त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले.

“आक्का, मशीनचा दोष नव्हता. पोरीचाही नव्हता. माझा हात थरथरतो. पायरी माझ्याकडून झाली.”

आक्का खुर्चीत ताठ बसल्या. “म्हणजे तीन दिवस मी या लेकराला शिव्या घातल्या, आणि तू ऐकत बसलास?”

“हो.”

“लाज नाही वाटली?”

“वाटली म्हणून तर सांगतोय.”

आक्कांनी मग भिंगरीला जवळ ओढलं, तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “घाल गं बाई काय घालायचंय ते. घरघर घाल नाहीतर नांगर घाल.” मग भावाकडे वळून, “आणि तू तिकडे काय उभा? स्टूल घे, इथं बस. मला सुईची भीती वाटते.”

डॉक्टर बहिणीशेजारी बसले. इतक्या वर्षांत ते या खुर्चीच्या त्या बाजूला कधी बसले नव्हते. आक्कांनी त्यांचा हात घट्ट पकडला. तो थरथरत होता. आक्कांनी दुसरा हातही त्यावर ठेवला.

भिंगरीनं नवी दहा नंबर घेतली, शेवटचा कण वाकवला आणि मोठ्यानं विचारलं, “वळण कुठं? खाच कुठं?” मग तिनं फाइल आत सोडली. टेकव, वर घे, फिरव. खोलीत घड्याळाचाच आवाज. मावशी ट्रे धरून पुतळ्यासारख्या उभ्या. पाऊण तासानं भिंगरीचे खांदे एकदम खाली आले. दहा नंबर तळाला पोचली होती. तिनं हातानंच वाट गुळगुळीत करून घेतली, मागून पंधरा नंबर नेली, आणि मग कपाटावरून मशीन खाली आलं. ते त्या वळणातून असं सहज उतरलं की मला पुन्हा मत्सर वाटायला हवा होता. पण वाटला नाही. वाट आमच्या जातीनं काढली होती आणि पुढचं काम मशीननं आमच्यापेक्षा चांगलं केलं, हे मी त्या दिवशी मनापासून कबूल केलं. दाढ वाचली. आक्का आजही त्याच दाढेनं पेरू खातात.

डॉक्टर मग मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांकडे गेले. “दीड वर्ष काय करत होतात?” त्यांनी विचारलं.

“प्लास्टरमधले दात साफ करत होतो,” आमचे डॉक्टर म्हणाले.

औषधानं थरथर बरीच कमी झाली. लवकर आला असतात तर आणखी काही वर्षं काम करता आलं असतं, असंही त्यांना सांगण्यात आलं. ते वाक्य त्यांनी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. पेशंटच्या तोंडात त्यांनी पुन्हा हात घातला नाही. दुपारी ते बाहेरच्या बाकावर बसतात आणि घाबरलेल्या माणसांशी गप्पा मारतात. आत भिंगरीची घरघर चालू झाली की बोलता बोलता थांबतात. त्या वेळी त्यांच्या अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक आपोआप जुळलेलं असतं. मला ते डबीतून, उघड्या दारातून दिसतं आणि वाईट वाटतं.

मित्रांनो, दात घासा, गोड खाल्लं की चूळ भरा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. ते कराच. माझी विनंती मात्र वेगळी आहे. तुमच्या घरात कुणी अलीकडे सुईत दोरा ओवायचं टाळत असेल, ऐकू न येताच हसून मान डोलवत असेल, जिना चढताना मध्येच थांबून चप्पल नीट करत असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. आधी ते ‘काही नाही रे’ म्हणतील. पुन्हा विचारा. डॉक्टरांचा हात थरथरतो हे सगळ्या जगात पहिल्यांदा मला कळलं होतं. दीड वर्ष, रोज सकाळी, मला ते कळत होतं. एवढ्या माणसांच्या तोंडात जाऊन आले मी, पण मला स्वतःला तोंड नाही. तुम्हाला आहे.